सर्वधर्म संवादानं पोरं खरंच थांबतात का? (कोल्हापूर)

खिळेजुळारी

मंडळी, माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, उरुसाची पोस्टरं, येईल ते छापतो. गेली सात-आठ वर्षं एका सर्वधर्म संवाद परिषदेची पत्रिकाही माझ्याकडंच येते. खरं सांगू? मी मागल्या वर्षीची फाइल उघडतो, तारीख आणि वार बदलतो आणि प्रूफ पाठवून देतो. नावं तीच, क्रमही तोच. एक महाराज, एक मौलाना, एक फादर, एक भंतेजी, एक निवृत्त प्राचार्य. यंदा त्यातले एक वारले होते. ते नाव काढायचं माझ्याकडून राहिलं आणि पाचशे पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापाव्या लागल्या.

त्या अपराधापोटी यंदा पहिल्यांदाच कार्यक्रमाला बसलो. भाषणं चांगली झाली, खोटं कशाला बोलू. पण सभागृहात माझ्यापेक्षा लहान फारसं कुणी नव्हतं आणि मी पन्नाशीला टेकलोय. विशीतला एकच पोरगा दिसला, खुर्च्या लावणारा. तो बाहेर पायरीवर बसून मोबाइलवर काहीतरी बघत होता. आतल्यापेक्षा मोठ्या आवाजात.

माझा प्रश्न साधा आहे. जे पोरगं उद्या दगड उचलू शकतं किंवा त्याहून भलत्या वाटेला लागू शकतं, ते या संवादात येतं का? येत नसेल, तर आपण नक्की कुणाला थांबवतोय? अनुभव असतील ते लिहा. राजकारण नको.

तांबडा_पांढरा

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी एक निरीक्षण. सर्वधर्म कार्यक्रमाचं जेवण कायम शाकाहारी असतं. कोल्हापुरात मटणाशिवाय सलोखा करायचा म्हंजे पोरं येणार कशी, भावा?

मृण्मयी_क

खिजु, प्रश्न चांगला आहे. पण आपल्या गावाला संवाद बाहेरून आणावा लागत नाही, हेही लिहायला हवं. दसरा चौकात उभं राहून चारी बाजूंना बघा. शाहू महाराजांच्या पाठबळानं उभी राहिलेली वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं तिथंच आहेत. १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. मोहरमला कितीतरी तालमींत पिरांचे पंजे बसतात, खड्ड्यासाठी कुदळ मारायला आणि त्यातल्या निखाऱ्यांच्या खाईला पुढं असणारी निम्मी माणसं हिंदू असतात. माझा भाऊ लहानपणी नवसाचा फकीर झाला होता. गळ्यात नाडा घालून आम्ही त्याच्यासोबत घरोघर फिरलोय, चोंगे खाल्लेत. २०१८ ते २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा काही तालमींत एकाच मांडवात दोन्ही बसले होते. कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसतो.

हे सगळं कुठल्या परिषदेनं केलेलं नाही.

सरळसोट

मृण्मयीताई, दर वेळी हेच ऐकतो. शाहूंची नगरी, पंजे, गणपती. मग ७ जून २०२३ ला हे सगळं कुठं गेलं होतं? मोबाइलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवले गेले, बंदची हाक आली, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं, गाड्या, मशीद फोडली. ते चूकच होतं, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण गडावरच्या अतिक्रमणाचा प्रश्न वर्षानुवर्षं लटकला, त्याचं काय? लोकांची तक्रार खरी असली तरी "संवाद करा" म्हणून गप्प बसवायचं आणि मग स्फोट झाला की आश्चर्य वाटून घ्यायचं. मला संवाद नको, वेळेवर चालणारा कायदा पाहिजे. स्टेटस ठेवणाऱ्यालाही आणि दगड मारणाऱ्यालाही, सारखाच.

मृण्मयी_क

शेवटच्या वाक्याला +१. गजापूरच्या लोकांचा गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध काय होता, तेवढं सांगा.

सरळसोट

काही नव्हता. म्हणून तर चूक म्हणालो.

उद्यमनगरी

मी एरवी फक्त वाचतो. आज लिहितो.

माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मी मुसलमान. ७ जूनला दुपारी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. शेजारी अण्णा, त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान. ते आले, काही न बोलता माझं शटर पूर्ण खाली ओढलं, स्वतःचं कुलूप आणून लावलं, किल्ली खिशात घातली आणि माझ्या दारात खुर्ची टाकून बसले. मी आत. लाइट बंद, पंखा बंद, कटिंग ऑइलचा वास. दीड तास. मधे एकदा दहा-पंधरा गाड्यांचा आवाज जवळ येऊन थांबला. बाहेरनं अण्णांचं ऐकू आलं, "माझं गोडाऊन हाय. काय काम हाय?" मग गाड्या गेल्या.

कुलूप काढल्यावर अण्णा म्हणाले, "चहा सांगू काय?" एवढंच.

आता खिजुदादांच्या प्रश्नाकडं. अण्णा आणि मी बावीस वर्षं शेजारी आहोत. धर्मावर आम्ही एक शब्द कधी बोललेलो नाही. बोलतो ते कास्टिंगच्या भावावर, पेमेंट अडकवणाऱ्या पार्टीवर आणि लाइट कधी येणार यावर. याला तुम्ही संवाद म्हणणार का, मला माहीत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मी घरातसुद्धा बोललेलो नाही. अण्णांचा धाकटा मुलगा त्या दिवशी कुठं होता, हे मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. रोज दोन वेळा चहा होतो.

तांबडा_पांढरा

माझा वरचा प्रतिसाद काढून टाकता येईल का?

उद्यमनगरी

राहू द्या हो. मटणाचा मुद्दा बरोबरच होता.

वाचनवेडी

उद्यमनगरींनी लिहिलंय त्यावर अभ्यासकांचा मोठा वाद आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांच्या तीन जोड्या घेऊन अभ्यास केला. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रश्न असा, की दोन्हीकडं हिंदू-मुसलमान प्रमाण साधारण सारखं असताना एका गावात दंगली होतात आणि दुसऱ्यात टळतात, असं का? त्यांचं उत्तर: शेजारपाजार, सणाला ताटं देणंघेणं हे चांगलंच, पण मोठ्या शहरात अफवा पसरली की तेवढं पुरत नाही. ज्या गावात व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब अशा ठिकाणी दोन्हीकडची माणसं एकत्र सभासद असतात, तिथं दंगल पेटवणं अवघड जातं. कारण तिथं दोघांचंही काहीतरी अडकलेलं असतं.

म्हणजे अण्णांनी एक शटर वाचवलं. बाजारपेठ वाचवायला अण्णांची संघटना लागते.

दुसरा अभ्यास इराकमधला, २०२० साली प्रसिद्ध झालेला. आयसिसमुळं विस्थापित झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या हौशी फुटबॉल संघांत सल्मा मूसा या संशोधिकेनं जादा खेळाडू घातले. काही संघांना मुसलमान, काहींना ख्रिस्ती. हंगाम संपल्यावर मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू मुसलमान खेळाडूंसोबत सराव चालू ठेवायला, त्यांना बक्षिसासाठी मत द्यायला जास्त तयार होते. पण मैदानाबाहेर, गावातल्या अनोळखी मुसलमानांबद्दल फारसा फरक पडला नाही. आपल्या संघातला "तो" चांगला, बाकीचे तेच.

बॅकपास

फुटबॉलचा विषय निघाला, आता मला कोण थांबवणार!

वाचनवेडी ताई, इराकला कशाला जाताय, शाहू स्टेडियमवर या. हितं एकाच धर्माच्या दोन पेठांत मॅचनंतर संवाद घडवायला पोलीस लागत्यात.

मस्करी बाजूला. मी पोरांना शिकवतो, टीमचं नाव सांगत न्हाई. आमचा एक गोलकीपर हुता, मुसलमान समाजातला, १८-१९ वर्षांचा. लई भारी हात. एका सीझनला अचानक सकाळी यायचा बंद झाला. आठ दिवस वाट बघितली, मग घरी गेलो. खोलीत बसून दिवसभर मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी माणसाची भाषणं ऐकायचा. मला म्हणाला, सर, खेळ, चड्डी, गाणी सगळं गुन्हा हाय, दुनियेत आपल्या लोकांना मारत्यात आणि आपण बॉल खेळतोय. त्याची आई दारात उभी राहून रडत हुती.

मला त्याचं इमान तपासायचं नव्हतं, मला गोलकीपर पायजे हुता. म्हटलं फुल पँट घाल, गाणं लावत न्हाई, रविवारी सेमीफायनल हाय. न्हाई म्हणाला. मी रोज सहाला त्याच्या दारात गाडी लावून हॉर्न द्यायचो. शेजारी शिव्या द्यायला लागले. अकराव्या दिवशी बाहेर आला, बहुतेक हॉर्न बंद करायला. मधल्या काळात त्याच्या मशिदीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनीबी त्याला बसवून सांगितलं, ते मला मागनं कळालं. माझ्या हॉर्ननं झालं का चाचांनी झालं, देव जाणे.

सेमीफायनल हरलो. चार गोल खाल्ले त्यानं.

तांबडा_पांढरा

चार? मग तो इमानानं खेळला नसणार :)

निशिगंध

उद्यमनगरी, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. मी त्या दिवशीच्या दुसऱ्या बाजूची आहे.

माझा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ७ जूनला संध्याकाळी घरी आला, थेट बेसिनकडं गेला. मी कणीक मळत होते. तो हात धूत होता आणि पाण्यातनं विटेचा लाल गाळ उतरत होता. मी बघितलं, त्यानं मी बघितलेलं बघितलं. म्हणाला, उचलली होती, टाकली नाही. मी काय बोलणार? जेवायला वाढलं.

नंतर हळूहळू कळलं. व्यायामाच्या ग्रुपमध्ये कुणीतरी घेतलं होतं. पहिले महिना-दोन महिने डाएट, दंड-बैठका, गडकोटांचे फोटो. मग व्हिडिओ. ग्रुपमध्ये पंचविशीच्या वरचा एकही माणूस नव्हता. आमच्या वडिलांच्या काळी तालमीत वस्ताद असायचे. पोरगं वाकडं गेलं की घरी कळायच्या आधी वस्तादांना कळायचं, आणि त्यांचा हात बसला तर बाप विचारायला जात नसे. आता तालमीच्या जागी जिम आलीय, ट्रेनरला फीशी मतलब.

आठवड्यानं मी त्याला घेऊन एका दुकानात गेले. शाळेचे बूट लहानपणापासून तिथूनच घ्यायचो. त्यांची काच फुटली होती, नवीन बसवून झाली होती. मला वाटलं, माफी मागेल, ते डोक्यावर हात ठेवतील. मालक मुलाकडं न बघता म्हणाले, "ताई, राग नाही. पण आता दुकानात थांबू नका, लोक बघतात." कोण लोक, आमचे की त्यांचे, ते मला अजून कळलेलं नाही. आमचा संवाद एवढाच झाला. मुलगा वाटेत एक शब्द बोलला नाही. ग्रुप मात्र त्यानंतर सोडला. आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मिरजवाला

निशिगंध ताई, लिहिलंत हे मोठं काम केलंत.

मिरजेचा अनुभव सांगतो. मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस म्हणजे गावाचा सण, दोन्हीकडची माणसं राबतात. तरी २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखानवधाच्या चित्राच्या कमानीवरून गाव पेटलं. परंपरा आपोआप वाचवत नाही, हे तेव्हा कळलं. शांतता समिती आमच्याकडंही होती. सणाच्या आधी ठाण्यात बैठक, चहा-बिस्किट, फोटो, पेपरात बातमी. वर्षातनं दोनदा भेटणारी माणसं रात्री अकराला एकमेकांचा फोन उचलत नाहीत.

भिवंडीचं उदाहरण मला पटतं. १९७० आणि १९८४ ला तिथं भयंकर दंगली झाल्या. १९८८ ला सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. व्यासपीठावरची बडी माणसं बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, आणि संयोजक म्हणून पोलीस शिपाई. नियमित बैठका, विषय काय, तर नळ, भांडणं, उकिरडा. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. उकिरड्यावर बोलता बोलता ओळखी झाल्या होत्या.

परदेशस्थ_करवीर

मिरजवाले, उत्तम. नायजेरियातल्या कडुना शहराचं सांगतो, तिथं काही वर्षं नोकरीला होतो. तिथले इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे दोघं १९९२ च्या दंगलीत एकमेकांविरुद्धच्या टोळ्यांत होते. पास्टरचा हात गेला, इमामाचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये दोघांनी मिळून मध्यस्थी केंद्र काढलं. त्यांचं पोरं ऐकतात, कारण हे स्वतः त्या वाटेनं गेलेले. आपल्या परिषदांत सगळे जन्मापासून सज्जन!

पण भाबडं चित्र नको. ऑगस्ट २००२ मध्ये त्यांच्या प्रयत्नानं कडुनातल्या धर्मप्रमुखांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच नोव्हेंबरात मिस वर्ल्ड स्पर्धेच्या निमित्तानं तिथं पुन्हा मोठी दंगल झाली. त्यानंतरही हे दोघं थांबले नाहीत.

सरळसोट

गोलकीपरची गोष्ट आवडली. भिवंडीचंही मान्य, कारण त्यात पोलीस होते. कायदा आणि गल्ली एकत्र. नुसता गोडवा नव्हता.

वाचनवेडी, तुमच्या वार्ष्णेयांच्या अभ्यासात खेड्यांचं काय? गजापूर शहर नव्हे.

वाचनवेडी

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. त्यांच्या आकडेवारीत १९५० ते १९९५ या काळातल्या दंगलबळींपैकी खेड्यांतले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. पण ती आकडेवारी मोबाइलच्या आधीची. तेव्हा अफवेला पायी किंवा एसटीनं यावं लागायचं.

गंगावेशकर

धागा हिंदू-मुसलमान असाच चाललाय. २० फेब्रुवारी २०१५ ला याच गावानं कॉम्रेड गोविंद पानसरे गमावले. चार दिवस आधी सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. तो धर्माधर्मातला तंटा नव्हता. मारणाऱ्याला कुठल्या परिषदेत बसवलं असतं म्हणजे तो थांबला असता? ज्यानं ठरवलंय त्याच्याशी संवाद होत नाही, तपास होतो. संवाद ज्याचं अजून ठरलं नाही त्याच्यासाठी.

सरळसोट

आता हा विषय काढलात तर मग मीही चार नावं काढू शकतो…

प्रशासक

काढू नका. दोन्ही बाजूंना विनंती, मूळ प्रश्नावर या. तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

बॅकपास

गंगावेशकरांचं शेवटचं वाक्य माझ्या पोराला लागू पडतंय. त्याचं ठरलं नव्हतं. म्हणून हॉर्न चालला.

खिळेजुळारी

मंडळी, उशीर झाला, लग्नसराई होती. सगळं वाचलं, दोनदा.

परिषदेच्या आयोजकांकडं गेलो होतो. म्हटलं, पुढच्या वर्षी पत्रिका छापू नका, ते पैसे दुसरीकडं लावू. माणूस चांगला आहे, पण दुखावला. म्हणाला, आम्ही आहोत म्हणून निदान एवढं तरी आहे. त्यातही तथ्य आहे. २०२३ नंतर ज्या मौलानांनी आणि महाराजांनी मोर्चे-बंदच्या वेळी एकमेकांना फोन केले, त्यांची ओळख त्याच व्यासपीठावरची. तेव्हा परिषद राहू दे. मी तिच्यावर जरा जास्तच हसलो.

दुसरं एक काम मात्र हातात घेतलंय. आमच्या भागातल्या दोन तालमी, एक मशीद, रिक्षा स्टॉप आणि भाजी मार्केटची संघटना, एवढ्यांशी बोलून एक कागद करतोय. त्यावर फक्त मोबाइल नंबर. रात्री कुठल्याही वेळी काही ऐकलं, पोरगं गायब दिसलं, भलता व्हिडिओ फिरताना दिसला, तर आधी यातल्या कुणाला तरी फोन. बीटच्या हवालदारांनीही नंबर दिलाय. महिन्यातनं एकदा बसायचं, विषय ड्रेनेज आणि पार्किंग. (ड्रेनेजवर आमच्याकडं इतका राग आहे, की धर्माला वेळच उरणार नाही.)

पहिलीच बैठक नंबरांच्या क्रमावरून मोडायला आली होती. तालीम वर की मशीद वर? शेवटी नावं वर्णमालेप्रमाणं लावली. त्यात रिक्षा स्टॉप तालमीच्या खाली गेला म्हणून रिक्षावाले नाराज आहेत.

उद्यमनगरी, अण्णांना विचाराल का, त्यांचा नंबर चालेल का?

उद्यमनगरी

विचारलं. म्हणाले, माझा टाका, पण रात्री झोप लागली की मला ऐकू येत नाही, धाकट्याचाही टाका.

मी दोन्ही पाठवलेत.

सरळसोट

माझाही घ्या. एक अट, खोटी तक्रार आली तर ज्यानं केली त्याचं नाव बैठकीत सांगायचं. मग तो कुणाचाही असो.

निशिगंध

खिजु, तुम्ही यादीचा फोटो टाकलात तो मोठा करून बघितला. बावीस नंबर आहेत. त्यात एकही बाई नाही. पोराचे हात लाल झालेत हे आधी कुणाला दिसतं?

खिळेजुळारी

चूक झाली, कबूल. प्लेट अजून काढलेली नाही. तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, आणि ओळखीच्या आणखी तिघी-चौघींना विचारा. मी थांबतो.

तांबडा_पांढरा

थांबा, पण प्रूफ नीट बघा या खेपेला. वारलेल्या माणसाचा नंबर छापू नका. आणि ड्रेनेजच्या बैठकीला मटण मी आणतो.